जांभई देताना आप्पांचा हात वर गेला

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

मॅडम, माझे वडील ६६ वर्षांचे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. एसटीत चालक होते, आठ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अकरा दिवसांपूर्वी पहाटे आई उठवायला गेली तर उजवी बाजू लुळी आणि तोंडातून शब्द नाही. रात्री नेमकं किती वाजता झालं ते कळेना, म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं नाही. डाव्या मेंदूचा मोठा भाग गेलाय असं स्कॅन बघून सांगितलं. दुसऱ्या दिवशी आयसीयूतले डॉक्टर म्हणाले, "वाचले तरी खाटेवरच राहतील, मनाची तयारी ठेवा." पाचव्या दिवशी नात्यातल्या एका डॉक्टरांनी मोबाईलवर स्कॅन पाहून सांगितलं, "काळजी करू नका, सहा महिन्यांत चालतील." आता आप्पा डोळे उघडतात, आमच्याकडे बघतात. नाकातल्या नळीनं दूध-पेज चालू आहे, छातीत कफ झालाय. दादा म्हणतो, घरी नेऊ, सेवा करू, आणि तब्येत बिघडली तर व्हेंटिलेटर नको असं लिहून देऊ. आई म्हणते, परवा जांभई देताना त्यांचा उजवा हात छातीपर्यंत वर गेला, मी डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टर म्हणाले त्याला अर्थ नाही. मोबाईलवर भजन लावलं की ओठ हलतात. मी कोणाचं खरं मानू? डॉक्टरांचे हे अंदाज खरे तरी किती ठरतात?

– एक मुलगी, सातारा जिल्हा

उत्तर:

आईंनी पाहिलं ते खरं आहे. तिथूनच सुरुवात करते, कारण घरातला निम्मा वाद त्या एका हातावरून चाललेला दिसतोय.

लुळा पडलेला हात जांभईबरोबर आपोआप उचलला जातो. कोपरात वाकतो, हळूहळू छातीपर्यंत येतो, आणि जांभई संपली की पुन्हा गादीवर पडतो. स्ट्रोकच्या, म्हणजे पक्षाघाताच्या, रुग्णांबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं, वैद्यकीय नियतकालिकांत त्याची वर्णनंही आहेत. आपण ठरवून हात हलवतो तेव्हा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून सुटतो आणि मज्जारज्जूत उतरतो. आप्पांची ती वाट तुटली आहे. जांभईचा उगम मात्र खाली, मेंदूच्या देठात असतो. तो भाग शाबूत आहे, आणि तिथून निघालेली लहर वरच्या थराला न विचारता हातापर्यंत पोचते. त्यामुळे आईंना भास झालेला नाही, पण हात परत येऊ लागला असंही त्यावरून धरता येत नाही. तळहातात बोट ठेवलं की मूठ आवळली जाते, तेही बहुतेक वेळा असंच आपोआप होतं. घरची माणसं "त्यांनी माझा हात दाबला" म्हणून रडतात, आणि मला दर वेळी जपून समजावून सांगावं लागतं.

हे सांगायला तुमच्या डॉक्टरांना दोन मिनिटं पुरली असती. ती त्यांनी द्यायला हवी होती. "त्याला अर्थ नाही" हे अंदाजापुरतं बरोबर असलं, तरी इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला ते "तुम्ही खोटं बघितलंत" असंच ऐकू येतं.

भजनाची गोष्ट थोडी वेगळी. डाव्या मेंदूत भाषेचा भाग जातो तेव्हा समोरच्या तांब्याला तांब्या म्हणता येत नाही, पण तोंडपाठ असलेलं, वर्षानुवर्षं सुरात म्हटलेलं काही वेळा बाहेर येतं. एक-दोन-तीन-चार येतं, शिव्यासुद्धा येतात. बोलणं परत आलं असा त्याचा अर्थ नाही. पण वाचा-उपचार करणाऱ्यांना त्याचा उपयोग होतो, सुराला धरून शब्दांकडे जायच्या पद्धती आहेत. त्यांना हे नक्की सांगा.

मग अर्थ कशाला आहे? बोटं उघडण्याला.

आप्पांच्या उजव्या बाजूला बसा. त्यांचा हात उशीवर, तळवा खाली असा ठेवा. आधी तुमचा स्वतःचा हात त्यांच्यासमोर धरून बोटं उघडून दाखवा, मग त्यांच्या डाव्या हाताची उघडायला लावा, आणि मग उजव्या हाताकडे खूण करा. मूठ वळली तर फारसं महत्त्व देऊ नका. अंगठा किंवा करंगळी जरी ठरवल्यासारखी बाहेर सरकली, दोनतीनदा सांगितल्यावर दोनतीनदा सरकली, तर ते मोठं आहे. तसंच खांद्याचं. हात अंगापासून बाजूला सरकवता येतो का ते बघा. करून दाखवणं महत्त्वाचं, कारण त्यांना शब्द कळत नसतील तर नुसतं "बोटं उघडा" म्हटल्यावर न उघडणं हा हाताचा दोष की भाषेचा, ते समजणारच नाही. घाईच्या राऊंडमध्ये नेमकी हीच गल्लत होते.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० मध्ये यावर एक काम प्रसिद्ध केलं. स्ट्रोकनंतर पहिल्या तीन दिवसांत बोटं उघडण्याची आणि खांदा बाजूला नेण्याची थोडी तरी हालचाल ज्यांना जमली, त्यांचा हात सहा महिन्यांनी थोडाफार वापरात येण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. ज्यांना दोन्ही जमलं नाही त्यांच्यात ती २५ टक्के होती, आणि नवव्या दिवशीही जमत नसेल तर १४ टक्के. त्याच गटानं पुढच्या वर्षी चालण्याचं पाहिलं. आधाराशिवाय बसता येणं आणि लुळ्या पायात थोडी हालचाल असणं, हे पहिल्या तीन दिवसांत दिसलं तर सहा महिन्यांत स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता पुन्हा ९८ टक्के. नसेल तर २७, आणि नवव्या दिवशीही नसेल तर १० टक्के.

हे आकडे जरा थांबून बघा. चांगली खूण दिसली की अंदाज जवळजवळ पक्का होतो. खूण नसली की तो तितका पक्का राहत नाही. तिसऱ्या दिवशी काहीच हलत नव्हतं अशा चौघांतल्या एकाचा हात पुढे काही ना काही कामाला आला. "काहीच आशा नाही" असं दुसऱ्या दिवशी म्हणणारा डॉक्टर त्या चौथ्या माणसाला विसरतो. आणि दुसरं असं की दिवस जातात तशी शक्यता सरकत जाते. तुमचा आज अकरावा दिवस. आज तपासणी करून सांगितलेल्या अंदाजाला दुसऱ्या दिवशीच्या अंदाजाहून पुष्कळ वजन आहे. शिवाय इतक्या मोठ्या स्ट्रोकमध्ये मेंदूची सूज तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त असते. दुसऱ्या दिवशी आप्पा त्या चढणीवर होते, आता ते तिच्या पलीकडे आलेत.

आता तुमचा मूळ प्रश्न, अंदाज किती खरे ठरतात. याची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात, म्हणून दोन्ही सांगते.

कॅनडात टोरांटोमध्ये १११ डॉक्टरांना स्ट्रोकच्या खऱ्या रुग्णांची माहिती कागदावर देऊन अंदाज विचारले होते. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्ण डिस्चार्जच्या वेळी दगावलेला किंवा परावलंबी असण्याची शक्यता किती, याचा अंदाज प्रत्यक्ष घडलेल्याच्या जवळपास आला तो फक्त १७ टक्के वेळा. ३० दिवसांत दगावण्याचा अंदाज ४७ टक्के वेळा जुळला. त्याच रुग्णांवर गुणांकनाचं, म्हणजे रुग्णाच्या माहितीला गुण देऊन बेरीज करायचं, एक साधं गणित लावलं तर ते ९० टक्क्यांच्या आसपास जुळलं. यात अनुभवी डॉक्टर होते, शिकाऊ नव्हेत. हे वाचून वाटेल, डॉक्टरांचं ऐकूच नये.

पण अमेरिकेत पाच रुग्णालयांनी मिळून मेंदूत रक्तस्राव झालेल्या (आप्पांसारख्या गुठळीच्या नव्हे) रुग्णांवर एक काम केलं, ते २०१६ मध्ये आलं. तिथे डॉक्टर आणि नर्स या दोघांनी पहिल्या दिवसातच अंदाज लिहून ठेवले आणि तीन महिन्यांनी पडताळले. तिथे माणसांचे अंदाज गुणांकनाच्या तक्त्यांपेक्षा सरस ठरले. नर्सचे अंदाजही डॉक्टरांच्या बरोबरीनं.

मला यातला फरक असा वाटतो. टोरांटोत समोर कागद होता, अमेरिकेत समोर माणूस. जो खाटेशी उभा राहतो, पापणी, श्वास, कूस बदलताना अंगाला लागणारा ताण हे सगळं बघतो, त्याला कागदात न मावणारं काही कळतं. म्हणून मी नेहमी सांगते, रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा. "पहिल्या दिवसापेक्षा आज काय वेगळं वाटतं?" एवढंच विचारा. त्या घाबरतात, "डॉक्टरांना विचारा" म्हणतात. पण दर दोन तासांनी आप्पांची कूस त्याच बदलतात.

या हिशेबानं नात्यातल्या डॉक्टरांचा फोनवरचा अंदाज मी बाजूला ठेवीन. त्यांनी प्रेमापोटी सांगितलं असेल, पण त्यांनी आप्पांना हात लावलेला नाही. मोबाईलच्या पडद्यावर स्कॅन पाहून कोणी चालेल की नाही ते सांगता येत नाही. मी स्वतःही आप्पांना पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढे मी जे म्हणेन त्यालाही तीच मर्यादा लागू आहे. आयसीयूतल्या डॉक्टरांनी निदान तपासलं होतं. "वाचले तरी" हे म्हणणं त्यांच्या जागी योग्य होतं, कारण ते पहिले पाच दिवस खरोखर जिवावरचे होते. "खाटेवरच राहतील" हे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी म्हणायला नको होतं.

आता आमच्या क्षेत्रातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट सांगते. निराशेचा अंदाज स्वतःला खरा करून दाखवतो. अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टरांनी २००१ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाच्या रुग्णांबद्दल हे लिहिलं. रुग्ण वाचला की नाही हे ठरवण्यात सगळ्यात मोठा वाटा होता तो उपचार किती जोरानं चालू ठेवले याचा. डॉक्टरांना वाटलं वाचणार नाही, म्हणून हात आखडता घेतला, म्हणून तो वाचला नाही, आणि मग सगळे म्हणाले, बघा, अंदाज बरोबर होता. पुढे ज्या संशोधकांनी असे रुग्ण मोजून तक्ते बनवले, त्यांच्या आकड्यांत ही माणसंही आली. म्हणजे तक्तासुद्धा त्या निराशेतून पूर्ण सुटत नाही. या कारणानंच अमेरिकेतल्या स्ट्रोक तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना म्हणतात, रक्तस्राव झालेल्या रुग्णाबाबत "हृदय थांबलं तर प्रयत्न करू नका" असा नवा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत घेऊ नये.

आशेचा अंदाजही माणसाला फसवतो, आणि ते मी स्वतः केलेलं आहे. तरुण डॉक्टर होते तेव्हा एका शिक्षकांच्या पत्नीला मी ठामपणे सांगितलं, तीन महिन्यांत सर चालतील. सर चालले. अडीच महिन्यांतच चालले. त्यानंतरच्या भेटीला त्या बाई आल्या, सर त्यांच्या मागून काठी न घेता आत आले, खुर्चीत बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही चालण्याचं सांगितलंत ते झालं. पण मी काय म्हणते ते यांना कळत नाही. दिवसभर घरात मी एकटीच आहे." माझा अंदाज बरोबर आला होता, आणि त्या बाईंना हवं होतं त्यातलं मी काहीच सांगितलेलं नव्हतं. मी चालणं मोजलं, कारण ते मोजायला सोपं. आमच्या सगळ्या मोजपट्ट्या अशाच आहेत: चालतो का, स्वतः जेवतो का, दुसऱ्यावर किती अवलंबून आहे. माणूस घरात परत आला का, हे त्यांत नसतं.

म्हणून "बरे होतील का" असं विचारू नका. त्या प्रश्नाला कोणताही प्रामाणिक डॉक्टर नीट उत्तर देऊ शकत नाही, आणि त्याचं चटकन उत्तर देणाऱ्यापासून सावध राहा. मुख्य डॉक्टरांना पंधरा मिनिटं वेगळी मागून घ्या, खाटेशेजारी नव्हे, आणि दादा, आई, तुम्ही तिघं बसा. विचारा, सहा महिन्यांनंतर तुमच्या अंदाजानं सगळ्यात वाईट चित्र काय, सगळ्यात चांगलं काय, आणि बहुधा काय. आमचं बोलणं त्यांना किती कळेल? गिळता येईल का? लघवी-शौचाचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, येत्या दोनतीन आठवड्यांत काय दिसलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल? या शेवटच्या प्रश्नावर चांगला डॉक्टर क्षणभर थांबतो, आणि मग खऱ्या गोष्टी सांगू लागतो. उत्तरं वहीत लिहून घ्या, तारखेसह.

माझा अंदाज विचाराल तर, पत्रावरून आणि वर म्हटलेल्या मर्यादेत, असं वाटतं. आप्पांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत पुढेही लागण्याची शक्यता जास्त. उजवी बोटं आजही अजिबात उघडत नसतील तर तो हात पूर्वीसारखा चालणं अवघड. आधारानं बसणं, आधारानं उभं राहणं, कदाचित काही पावलं, हे हातापेक्षा शक्य कोटीतलं. बोलणं सगळ्यात अनिश्चित, आणि ते सगळ्यात उशिरापर्यंत सुधारत राहू शकतं. जर्मनीत स्ट्रोकला सहा महिने उलटून गेलेल्या, सत्तरीच्या आतल्या रुग्णांना तीन आठवडे भरपूर वाचा-उपचार दिले तेव्हा त्यांचं बोलणं सुधारलं, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे "सहा महिन्यांत जे आलं ते आलं" हे बोलण्याला लागू नाही. शरीराच्या हालचालीबद्दल मात्र डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला जवळपास १२०० रुग्णांचा जो अभ्यास झाला त्यात अतिशय गंभीर स्ट्रोकच्या रुग्णांची मोठी सुधारणा साधारण पाच महिन्यांत आटोपलेली दिसली. पुढे लहान लहान फरक पडतात, पण पाच-सहा महिन्यांनी जी चाल असेल तिच्या आसपासचं आयुष्य धरून घराची मांडणी करावी.

दादांबद्दल. ते कठोर नाहीत, आणि ते चुकतच आहेत असंही मी म्हणणार नाही. अकराव्या दिवशी "व्हेंटिलेटर नको" असं ठरवणं हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. पण आधी एक गोष्ट आठवून बघा. आप्पा स्वतः काय म्हणायचे? शेजारचं कोणी वर्षभर अंथरुणाला खिळलं होतं, त्याला भेटून आल्यावर ते काय बोलले होते? एसटीतल्या सोबत्याच्या शेवटच्या आजारपणाबद्दल काही म्हणाले होते का? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये माणसाला आपल्या अखेरच्या उपचारांबद्दल आधी लिहून ठेवायचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. आप्पांनी काही लिहिलेलं नसेल, फार थोडी माणसं लिहितात. तरी जे ते बोलून गेले त्याचं वजन तुमच्या तिघांच्या मतांपेक्षा जास्त धरा.

आणि सही करायचीच झाली तर ती कशावर करता ते नीट वाचा. व्हेंटिलेटर नको म्हणजे अँटिबायोटिक नको असं नव्हे. कफ काढायचं मशीन, छातीचा फिजिओ, नळीतलं जेवण, कूस बदलणं यातलं काहीही त्यात येत नाही. प्रत्यक्षात काय होतं, ते मी पाहिलंय. फाईलवर एक ओळ पडली की राऊंड छोटा होतो, फिजिओ एक दिवसाआड येतो, कोणी मुद्दाम करत नाही पण होतं. म्हणून "व्हेंटिलेटर सोडून बाकी सगळे उपचार पूर्ण जोरानं चालू ठेवायचे आहेत" हे वाक्य डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्या.

मी तुमच्या जागी असते तर तीन आठवड्यांची मुदत ठरवली असती. छातीचा संसर्ग पूर्ण बरा करायचा, रोज बसवायचं, गिळण्याची तपासणी करायची, वाचा-उपचार सुरू करायचे, आणि तारीख ठरवून त्या दिवशी तिघांनी डॉक्टरांबरोबर पुन्हा बसायचं. वहीत लिहिलेल्या खुणा दिसल्या की पुढची मुदत. एकही दिसली नाही, उलट ताप-कफ वाढतच गेला, तर दादा म्हणतात त्या वाटेचा विचार तेव्हा करायचा. त्यात कोणी हरलं असं होत नाही. पैशाची ओढाताण असेल तर तुमचं रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. असेल तर तिथे आरोग्यमित्र बसतात, शिधापत्रिका घेऊन त्यांना आजच भेटा.

घरी नेणार असाल तर जेवणाची नळी घाईनं काढू नका, आणि पोटातून नळी बसवायची घाईही नको. याच प्रश्नावर अनेक देशांतल्या रुग्णालयांत मोठा प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. सुरुवातीच्या आठवड्यांत नाकातून नळी असलेल्यांचं पोटातून नळी बसवलेल्यांपेक्षा बरं चाललं. नळीनं भरवताना आणि नंतर अर्धा-पाऊण तास डोक्याकडची बाजू उंच ठेवा. दात-जीभ दिवसातून दोनदा पुसा. तोंडातले जंतू छातीत उतरतात, तुमच्या आप्पांचा कफ बहुधा तिथूनच आलाय. आणि गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नको. मायेनं कोणी चमचाभर तीर्थ घालतं, आणि ते फुफ्फुसात जातं. आईंना सांगा, तीर्थ कपाळाला लावा.

उजवा हात धरून त्यांना वर ओढू नका, खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन् महिने फिजिओ करू देत नाही. कबुतराचं रक्त लावायचा सल्ला गावात कोणी ना कोणी देईलच. त्यानं स्नायू-नस काही जागं होत नाही, आणि त्याच्या मागे धावण्यात नेमके ते पहिले महिने जातात ज्यांत खरी सुधारणा होते.

आणि तुमच्यावर एक ओझं नको म्हणून हेही सांगते. भारतातल्याच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांच्या घरच्यांना घरी व्यायाम करवून घ्यायचं खास प्रशिक्षण दिलं. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा परावलंबी असलेले दोन्ही गटांत सारखेच निघाले, ४७ टक्के. घरच्यांनी कसूर केली म्हणून नव्हे. त्यांनी जीव ओतला तरी मेंदूच्या दुखापतीचं माप तेवढंच राहिलं. उद्या आप्पा उभे राहिले नाहीत तर "मी नोकरी सोडून गावी आले असते तर" हा विचार तुमच्या डोक्यात येईल. त्याला जागा देऊ नका. व्यायाम करवून घ्या, पण ज्याला ते काम येतं अशा माणसाकडून.

दादांच्या मनात आणखी एक गोष्ट असेल, ती ते बोलणार नाहीत: असं जगण्यात काय अर्थ आहे? निरोगी माणसाला हे वाटणं साहजिक आहे. पण १९९९ मध्ये अमेरिकेत गंभीर अपंगत्व असलेल्या माणसांनाच विचारलं गेलं, तेव्हा त्यांतल्या अर्ध्याहून अधिकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. आपण बाहेरून कल्पना करतो त्यात फक्त गेलेलं दिसतं, सरावलेलं दिसत नाही. हे सगळ्यांना लागू नाही. स्ट्रोकनंतर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, आणि बोलता न येणाऱ्याचं ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. आप्पा जेवणाकडे, नातवंडाकडे, भजनाकडे पाठ फिरवू लागले तर डॉक्टरांना लगेच सांगा. त्याला उपचार आहेत.

खाटेशी बसल्यावर त्यांच्याशी छोट्या वाक्यांत बोला, एका वेळी एकच गोष्ट. आज वार कोणता, कोण आलंय, बाहेर पाऊस आहे का. उत्तर मागू नका, पण वाट पाहा, मनात दहा मोजेपर्यंत. आणि डॉक्टरांशी, दादांशी, आत्याशी जी चर्चा व्हायची ती खोलीच्या बाहेर. शब्द कळत नसले तरी आवाजातला सूर आणि चेहरा त्यांना कळत असण्याची शक्यता खूप आहे, आणि तुम्ही लिहिलंत तसे ते तुमच्याकडे बघतात.

आईंना वहीचं एक पान द्या. जांभईचं त्यात लिहू नका म्हणावं. बोटं कधी, किती वाजता, कोणासमोर उघडली, एवढंच लिहायचं. राऊंडच्या वेळी ते पान त्यांनी स्वतःच्या हातानं डॉक्टरांना दाखवावं.